मागलं डावं दार

नरपड, ता. डहाणू
८ डिसेंबर २०२४

प्रिय सुकऱ्या,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे कान एसटीच्या वर्कशॉपने ठेवून घेतले आणि तुझा मोबाईल रखमीवहिनींकडे असतो. त्यांना ऐकू येतं पण वाचता येत नाही, तुला वाचता येतं पण ऐकू येत नाही. मला जे सांगायचंय ते वहिनींनी तुझ्या कानात ओरडून सांगितलं तर गावभर हसं होईल. म्हणून हा कागद.

मी आबांची मोटार दुरुस्त करायला घेतली आहे. हसून झालं की पुढे वाच.

तीच, छप्पन सालची काळी, तुझ्या बाने पंधरा वर्षं चालवली ती. चौऱ्याऐंशीपासून वाडीतल्या छपरीत उभी होती आणि कोंबड्या तिच्यात बाळंतपणं करत होत्या. आमच्या पीयूषने दिवाळीत सांगून टाकलं, बाबा, एक तर चालू करा नाहीतर भंगारात देऊ. डहाणूच्या मेकॅनिकने महिनाभर खपून इंजिन चालू केलं, पण दारांना हात लावला नाही. "काका, ही लॉकं आता कुठे मिलत नाय. दोरीनं बांधा नि चालवा," म्हणाला. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, दोरीने दारं बांधून फिरणाऱ्यांतला मी नव्हे, असं मी त्याला बाणेदारपणे सांगितलं. आता वाटतं, दोरी तितकी वाईट नव्हती.

माझ्याकडची हत्यारं सांगतो: एक पक्कड, एक हातोडी, जागृतीने लग्नात माहेरून आणलेल्या शिलाई मशीनचा पेचकस आणि नारळ सोलायचा कोयता. एवढ्यावर काल पुढच्या डाव्या दाराचं आतलं हँडल काढलं, काच खालीवर करायची मूठ काढली, आतला पुठ्ठा काढला आणि सगळं व्यवस्थित बाहेर मडगार्डवर मांडून ठेवलं. मग लॉकची जीभ खाचेत कशी बसते ते आतून पाहावं म्हणून आत बसलो आणि दार ओढून घेतलं. जीभ फार छान बसली. त्यानंतर लक्षात आलं की उघडायचं हँडल मडगार्डवर आहे आणि मी आत आहे.

पुढचं उजवं दार गंजून घट्ट, मागचं उजवं तसंच, आणि मागच्या डाव्याला आबांनी बाहेरून घराच्या दाराची कडी ठोकलेली, ती तुला आठवत असेल. हॉर्न वाजवावा तर बॅटरी चार्जिंगला गेलेली. मी काचेवर थापा मारल्या. चिकू काढणाऱ्या बायकांना वाटलं सर हात हलवतायत, त्यांनीही हलवले. पंचवीस मिनिटांनी जागृती आली, काचेतून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चहा इथेच आणू का?" मग तिने बाहेरचं हँडल फिरवलं. दार उघडलं. ते बाहेरून सहज उघडत होतं, फक्त कोणीतरी फिरवायला हवं होतं.

त्या गडबडीत आतल्या हँडलची पिन गवतात गेली आणि लॉकची स्प्रिंग मोडली. आता काय करू ते सविस्तर लिही. बा कसा आहे?

तुझा
दौलत


उधवा, ता. तलासरी
१७ डिसेंबर २०२४

दौलतसर,

पत्र मिळालं. रखमीला वाचून दाखवलं. हसं होऊ नये असं तू पहिल्याच ओळींत लिहिलंयस, पण शेवटपर्यंत पोचायच्या आत ती शेजारणीकडे पोचली होती. आता पाड्यावर तुला मोटारवाले मास्तर म्हणतात.

नीट वाच आणि त्याच क्रमाने कर. दोन्ही बाजूंची लॉकं एकदम खोलू नकोस. एक खोल, दुसरं नमुना म्हणून जागेवर राहू दे. डावं ते डावं आणि उजवं ते उजवं, ती दिसायला सारखी असली तरी नसतात. लॉक दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेव. पिन छत्रीच्या काडीची होते, काडी जाडसर घे आणि कानशीने लांबी कमी कर. कानस नसेल तर विकत घे, भूगोलाच्या पेन्शनीत एक कानस बसते. स्प्रिंगसाठी जुन्या सायकलच्या स्टँडची स्प्रिंग पाहा.

आता जीभ. ती खाचेत कुठे अडते ते डोळ्यांना दिसत नाही. दिव्यावर धरून तिला काजळी लाव आणि दार हळू लाव. खाचेवर जिथे काळं लागेल तिथे ती अडते. तेवढंच घास. हे मला वर्कशॉपने नाही शिकवलं, बाने शिकवलं.

मी स्वतः आलो असतो, पण बाला सोडून निघता येत नाही. त्र्याण्णव झाली. डोळे चांगले, पाय चांगले, फक्त एक खोड आहे. घरातून निघाला की कडी लावतो, दहा पावलं जातो, परत येतो, कडी ओढून बघतो. असं तीनदा. त्यामुळे आम्हाला शेतावर उशीर, बाजाराला उशीर, लग्नाला तर अक्षता पडून गेल्यावर पोचतो. एसटीत बसला की म्हणतो, दार लागलं का बघा. आमच्या गाडीचा कंडक्टर संदीप आता त्याला बघूनच ओरडतो, "आजा, दार लागलं!" सगळी गाडी हसते. बाही हसतो, पण उठून बघतोच.

काम झालं की कळव.

सुकऱ्या


नरपड
२ जानेवारी २०२५

प्रिय सुकऱ्या,

दोन्ही लॉकं एकदम खोलू नकोस हे तुझं वाक्य मी वाचलं तेव्हा दोन्ही पुढची लॉकं एकाच डिझेलच्या डब्यात शेजारी शेजारी पहुडली होती. डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे मी अंदाजाने ठरवलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं मुलांना पूर्व-पश्चिम शिकवली त्याचा अंदाज चुकणार नाही अशी माझी समजूत होती. बसवल्यावर दार आपटलं तर ते लागायच्या ऐवजी मागे उसळलं आणि माझ्या गुडघ्यावर बसलं. मग मी डोकं चालवून लॉक उलटं करून बसवलं. आता दार लागलं, पण हँडल खाली दाबायच्या ऐवजी वर उचलावं लागायला लागलं. जागृती म्हणाली, राहू दे, तुमची आठवण राहील. शेवटी सगळं पुन्हा खोललं आणि बदललं.

पिन छत्रीच्या काडीची झाली. काडी जागृतीच्या छत्रीची होती हे तिला कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

काजळीचा उपाय मात्र खरा. जीभ दिव्यावर धरली, दार लावलं, काळा डाग जिथे पडला तिथे घासलं, पुन्हा धरली. सहा वेळा केल्यावर दार असं लागलं की आवाज ऐकून मीच चार वेळा लावलं. त्याच हातांनी घाम पुसला आणि तसाच डहाणूला पोस्टात गेलो, बाजार केला, दोन माजी विद्यार्थी भेटले त्यांच्याशी बोललो. घरी आल्यावर आरशात पाहिलं तर अर्धं तोंड काळं. मला कोणीच काही बोललं नाही. म्हणजे माझ्याकडून लोकांची हीच अपेक्षा असावी.

तर तिन्ही दारं आता झकास लागतात. काम संपल्यातच जमा आहे. तुझे उपकार कसे फेडू?

तुझा
दौलत


उधवा
११ जानेवारी २०२५

दौलत,

अभिनंदन. पण मी तीस वर्षं गाड्यांचं बॉडीकाम केलंय आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या मोटारीला दारं चार आहेत. मागलं डावं कुठे गेलं? तुझ्या दोन्ही पत्रांत मिळून त्याच्याबद्दल एक ओळ आहे, तीही कडीची.

दुसरं असं, की बाला मी सांगितलं, गाडी चालू झाली. मला वाटलं इंजिनाचं विचारेल. त्याने एवढंच विचारलं, "मागला डावा दार लागतं का रं?" मी म्हटलं, विचारतो. तेव्हापासून रोज विचारतो, दौलतचं पत्र आलं का.

तुला सगळं ठाऊक आहे, तू गाडीतच होतास. आपण विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला निघालो होतो, आशागडच्या पुढच्या वळणावर ते दार उघडलं आणि तुझी बकुळाआत्या रस्त्यावर पडली. हात मोडला. शेठने, म्हणजे तुझ्या आबांनी, तिथल्या तिथे बाला किल्ली मागितली. दार नीट लावलं नाहीस म्हणाले. आठ दिवसांत आम्ही वाडीतली खोली सोडून इकडे आलो आणि माझी डहाणूची शाळा सातवीत सुटली. सगळं जुनं झालं, मी ते उगाळत बसत नाही. पण बा आधी म्हणायचा, "मीनी दार लावला होता." कित्येक वर्षं तेच म्हणायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत म्हणायला लागलाय, "नसल लावला." तेव्हापासूनच ही कडी ओढून बघायची खोड लागली.

म्हणून तू एवढं कर. ती घराची कडी काढ आणि दार थोडं उघडून दोन्ही हातांनी वर उचलून बघ. हललं तर बिजागरी खचलीय. बा दर शनिवारी बिजागऱ्यांना तेल घालायचा, त्याच्या हातात असताना ती खचणं शक्य नाही. मग कशाने खचली ते बघ आणि कळव. आतलं लॉकही काढून एसटीने पाठव. इथे ओळखीच्याकडे गॅस वेल्डिंग आहे, मी जीभ भरून देतो.

सुकऱ्या


नरपड
२३ फेब्रुवारी २०२५

सुकऱ्या,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा त्यात गंमत आली आणि चारही फाडली. मला सरळ लिहिता येत नाही हे मला सहासष्टाव्या वर्षी कळतंय.

बिजागरी खचली आहे. कशाने खचली ते मला दार उचलून बघायची गरज नव्हती.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी चिंचेखाली उभी होती. सगळे झोपले होते. मी मागलं डावं दार उघडलं, त्याच्या काचेच्या कडेला लटकलो आणि झोके घेतले. पाय जमिनीला लावून ढकलायचं आणि दारासकट फिरायचं. फार मजा आली. मग कट्ट असा आवाज झाला आणि दार खाली बसलं. लावायला गेलो तर जीभ खाचेत जाईना. आबा मारतील म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, घडी घातली आणि जिभेच्या बाजूला दाराच्या पत्र्यातल्या फटीत कोंबला. दार त्या रबरावर घट्ट बसलं. ओढलं तरी हलेना. मला वाटलं, मी दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी आत्या बसली, तुझ्या बाने दार लावलं, ओढून पाहिलं. मी बघत होतो. त्याने ओढून पाहिलं, सुकऱ्या. ते घट्ट होतं.

आत्या पडली तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. आबा तुझ्या बाला बोलत होते तेव्हा मी रस्त्यावर पडलेला रबराचा अर्धा तुकडा पायाने गटारात ढकलला. दुसऱ्याच दिवशी आबांनी त्या दाराला कडी ठोकली, ते कोणी पुन्हा खोललं नाही, आणि मला बरं वाटलं. आत्या वारली, आबा वारले. मी शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगत राहिलो. आपण एसटी डेपोत पुन्हा भेटलो, मित्र झालो, तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो. दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू.

गाडी दुरुस्त करायला घेतली ती पीयूषमुळे नव्हे. ती भंगारात गेली तर हे दारही जाईल, असं मनात आलं आणि क्षणभर मला आनंद झाला. त्या आनंदाची मला भीती वाटली, म्हणून हातोडी घेतली. मग तीन दारं नीट केली, छत्र्या, काजळी आणि गुडघा यांच्या गोष्टी तुला सांगितल्या आणि चौथ्यापाशी येऊन दीड महिना अडून बसलो.

काल आतला पुठ्ठा काढला. रबराचा उरलेला तुकडा दाराच्या तळाशी पडला होता, पापडासारखा कडक झालेला. लॉकबरोबर तोही पाठवतो आहे.

आमच्या घरात मी तुझ्या बाला, माझ्याहून सत्तावीस वर्षांनी मोठ्या माणसाला, 'ए हाल्या' म्हणून हाक मारायचो. हेही आज पहिल्यांदा लिहितो आहे.

दौलत


उधवा
२२ मार्च २०२५

दौलत,

लॉक मिळालं. तुकडाही मिळाला.

पत्र मी रखमीला वाचून दाखवलं नाही. तिने विचारलं, आज हसायचं काही नाही का? मी म्हटलं, नाही.

मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तू एक दुपार दाराला लटकलास, त्याचा मला राग नाही. मीही लटकलो असतो, त्या दिवशी मला झोप लागली होती एवढंच. राग नंतरचा आहे. सातवीत मी वर्गात पहिला होतो, तू नववा. शाळा सुटली नसती तर मी मास्तर झालो असतो असं नाही, पण झालो नसतो असंही नाही. माझं जाऊ दे. मला वर्कशॉप आवडलं. पण तू गाडीत पंचवीस मिनिटं अडकलास तर त्यावर एक पान लिहिलंस. बा चोपन्न वर्षं अडकलाय आणि बाहेरचं हँडल तुझ्या हातात होतं.

मी हे त्याला सांगणार नाही. त्याला वाचता येत नाही, आणि तुझं काम मी माझ्या तोंडाने करणार नाही. ते तू यायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि सांगायचं. गंमत न करता.

जीभ खाली वाकली होती. भरून, घासून दिली आहे. स्प्रिंग नवीन घातली आहे. दार बसवताना त्याच्याखाली तांदळाची गोण ठेव आणि गोणीवर फळी, म्हणजे दार उचललेलं राहील. मग बिजागरीत पत्र्याचा तुकडा सरकवून स्क्रू आवळ. काजळी लावायला विसरू नकोस. काम नीट झालं नाही तर येऊ नकोस. बा आधी दार बघणार आहे, मग तुला.

सुकऱ्या


नरपड
६ एप्रिल २०२५

सुकऱ्या,

दार बसलं. नऊ वेळा काजळी लावली. कडी काढली, तिच्या खिळ्यांची चार भोकं राहिली आहेत, ती बुजवली नाहीत.

वीस तारखेला, रविवारी, सकाळी येतो. महालक्ष्मीची जत्रा तेव्हा चालू असेल. आत्या पडली त्या दिवशी गाडी देवीपर्यंत पोचलीच नव्हती. सगळं ऐकल्यावरही तुझ्या बाच्या मनात आलं तर त्यांना घेऊन जाईन. नाही आलं तर तसाच परत फिरेन. गाडी मध्येच बंद पडली तर मात्र मी तिथेच रडत बसेन, पण ते गाडीसाठी आहे असं समजू नकोस.

जागृतीला सगळं सांगितलं. तिने शिलाई मशीन थांबवलं. मग म्हणाली, छत्रीचं मी तुम्हाला माफ केलं होतं, ह्याचं मला विचारू नका.

दौलत


उधवा
२ मे २०२५

दौलत,

त्या दिवशी अंगणात तू सांगायला लागलास आणि रडायला लागलास, त्यानंतर बा काय बोलला ते तुला कळलेलं दिसत नाही. मला तर कानात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. ऐकणारी एकटी रखमी होती. तिच्याकडून विचारून लिहितो, म्हणजे तुझ्याकडे राहील.

तू आल्या आल्या "काका" म्हणालास तेव्हा बाने मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. मागे फक्त बकरी होती. मग तुझ्याकडे बघून म्हणाला, "मना हाक मारलास का?"

तू सगळं सांगितलंस, तो तुकडा त्याच्या हातावर ठेवलास. त्याने तो फिरवून फिरवून बघितला. पहिलं वाक्य म्हणाला ते असं: "म्हंजे मीनी लावला होता." तू मान हलवलीस. तो पुन्हा म्हणाला, "लावला होता, नि ओढून बी बघला होता." तू काहीतरी बोललास, ते रखमीलाही कळलं नाही. मग त्याने विचारलं, "शेठला सांगितला कधी?" तू नाही म्हणालास. बा म्हणाला, "मग तेवढा राहिला." एवढंच. त्याने तुला माफ केलं असं काही म्हटलं नाही, रखमीने मला दोनदा खात्रीने सांगितलं. केलं नाही असंही म्हटलं नाही.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. तो उठला आणि गाडीपाशी गेला. तू पुढलं दार उघडलंस, तो तिकडे गेला नाही. मागलं डावं स्वतः उघडलं, चार भोकांवरून बोट फिरवलं, आत बसला आणि दोन बोटांनी दार ओढलं. तो आवाज मला ऐकू आला नाही, पण बाच्या तोंडावरून कळलं की बरोबर आला. तुझ्या हाताला काम जमतं. डोक्याबद्दल मी अजून काही म्हणत नाही.

जत्रेत त्याने देवीपुढे काय मागितलं ते विचारलं तर सांगत नाही. रखमीला मात्र सांगितलं की मास्तर गाडी फार भीतभीत चालवतो, दुसऱ्या गियरमधून वर जातच नाही.

माझा राग अजून उतरलेला नाही. तुझ्याशी नीट बोलायला मला वेळ लागेल. पुढल्या महिन्यात ये, पुढलं उजवं दार अजून थोडं घासतं, ते मी त्या दिवशी पाहिलंय. कानस घेऊन ये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. जत्रेहून आल्यावर पाचव्या दिवशी आम्ही तिघं बाजाराला निघालो. बाने कडी लावली आणि चालायला लागला. दहा पावलांवर मी आणि रखमी सवयीने थांबलो. तो थांबला नाही. आम्ही त्याच्या मागे पळालो. एसटी अजून आलीच नव्हती, अर्धा तास फाट्यावर बसून राहिलो. गाडी आल्यावर संदीपने ओरडून सांगितलं, "आजा, दार लागलं!" बा खिडकीबाहेर बघत होता, त्याने लक्षच दिलं नाही.

काल दुपारी मी शेतावरून आलो तर बा जेवून ओटीवर आडवा झालेला, गाढ झोपलेला, आणि घराचं दार सताड उघडं. शेजारच्या दोन कोंबड्या आत शिरून तांदूळ खात होत्या. रखमी त्यांना हुसकून दार लावायला निघाली. मी म्हटलं, राहू दे, उघडंच राहू दे.

सुकऱ्या